डोईवरच्या कापडाची धरसोड

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला एक मुलगी आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती मेंदी रंगाचा शिफॉनचा स्टोल फेट्यासारखा डोक्याभोवती गुंडाळून, मागे मानेवर गाठ मारून आली. कान उघडे, कानात मोठे झुमके. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी: आत काळी टोपी, वर चापूनचोपून बसवलेला हिजाब, हनुवटीखाली पिन. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. त्या दिवशी नुसती ओढणी, तीही जिना चढता चढता खांद्यावर घसरलेली. माझ्या एका सहकाऱ्यांनी तिला व्हरांड्यात थांबवलं आणि म्हणाले, "काय ते एकदा ठरव बाई. घ्यायचं तर नीट घे, नाही तर सोडून दे." संध्याकाळी तिच्या गल्लीतल्या एका खालानं तिला हेच ऐकवलं, फक्त आमच्या दखनीत: "लेना है तो बराबर ले, नै तो नक्को ले." सहकारी स्वतःला पुरोगामी म्हणवतात. खाला पाच वेळची नमाजी. एरवी दोघांचं एका वाक्यावर जमायचं नाही. या मुलीच्या बाबतीत मात्र वाक्य तेच निघालं.

माझं म्हणणं शेवटापर्यंत राखून ठेवत नाही. त्या मुलीनं काहीही ठरवायची गरज नाही. आज फेट्यासारखं, उद्या पिन लावून, परवा नुसती ओढणी, तेरवा काहीच नाही, हा तिचा हक्क आहे. कापड घेण्याचा आणि न घेण्याचा, दोन्ही हक्क त्याच्या पोटात येतात. मराठीत धरसोड हा दुर्गुण समजला जातो. शेतीत आणि संसारात असेलही. डोईवरच्या कापडापुरती मी त्या दुर्गुणाची वकिली घेतलेली आहे.

हा वाद आपल्याकडे फार वाईट रीतीनं घातला जातो. २०२२ च्या सुरुवातीला उडुपीतल्या मुलींना हिजाबामुळे वर्गाबाहेर ठेवलं, त्याचे पडसाद मराठवाड्यातही उमटले. बीडमध्ये 'पहले हिजाब, फिर किताब' असे फलक लागले. ते वाचून मी चरफडले, कारण फलक लावणाऱ्यांनी समोरच्यांचंच गणित मान्य करून टाकलं होतं: दोन्हींतलं एकच आधी मिळणार, बोला कोणतं. हे गणित मांडलं कुणी? जिला दोन्ही हवं होतं, किंवा सोमवारी दोन्ही आणि मंगळवारी नुसतं पुस्तक हवं होतं, तिला त्या फलकावर उभं राहायला जागाच नव्हती.

कोर्टातही तिची कोंडीच झाली. धर्माचा जो 'अत्यावश्यक भाग' असेल त्याला संरक्षण, ही कसोटी १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून रुळली. (तो मठही उडुपीच्या अष्टमठांपैकीच. काही गावांच्या नशिबीच कोर्टकचेरी असते.) या कसोटीवर टिकायचं तर मुलीनं उभं राहून सांगावं लागतं की मला हे घालावंच लागतं, दुसरा मार्ग नाही. 'मला आवडतं' किंवा 'आज घालावंसं वाटलं' म्हणाली, की कसोटीच्या हिशेबात ती नापास. म्हणजे सक्ती सिद्ध झाली तर मोकळीक मिळणार! कर्नाटक उच्च न्यायालयानं १५ मार्च २०२२ रोजी हिजाब अत्यावश्यक नाही असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्तांनी बंदी उचलून धरली, न्या. सुधांशू धुलियांनी अत्यावश्यकतेचा काथ्याकूट बाजूला सारला आणि हा प्रश्न शेवटी निवडीचा आहे असं लिहिलं. त्या सगळ्या कागदपत्रांत मला तेवढाच भाग घरचा वाटला.

घरचा म्हणजे कसा, ते सांगते. माझी दादी जिंतूरकडच्या एका खेड्यातली. ती लुगडं नेसायची आणि डोईवर पदर घ्यायची. पण 'पदर घ्यायची' हे म्हणणं फार ढोबळ झालं. तिच्या पदराच्या जागा मोजल्या तर सात-आठ निघतील. एरवी तो भांगाच्या जरा मागे असे. थोरले दीर ओसरीवर आले की भुवईपर्यंत उतरे. खुरपताना दोन्ही कानांमागे खोचलेला. घागर आणताना चुंबळीखाली दाबलेला. ज्वारी उफणताना नाकातोंडावरून फिरवून मागे गाठ. मयतीत त्याचं टोक दातात. शेजारची काकी आणि ती बांधावर भाकरी खायला बसल्या की उन्हासाठी पुढे ओढलेला, आणि गप्पा रंगल्या की दोघींचाही खांद्यावर. नमाजीला मात्र खुंटीवरचा धुतलेला पांढरा दुपट्टा, तो वेगळा. काकी मराठ्याची. या दोघींत मुसलमान कोण, हे पदरावरून नव्हे, कपाळावरच्या कुंकवावरून कळायचं. पलीकडच्या तांड्यावरून फेटिया-कांचळीतली लमाण बाई आली, तर तिची आरसे लावलेली ओढणी, टुकरी, तीसुद्धा ऊन आणि सासरा पाहून पुढे-मागे व्हायची. या तिघींना कुणी 'एकदा काय ते ठरव' म्हणालं असतं, तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

अम्मीच्या काळात काळा बुरखा आला, परभणीच्या बाजारातून, दोन तुकड्यांचा, सुळसुळीत. लोकांना वाटतं बुरखा म्हटला की संपलं. आम्ही पोरं पाहायचो: एसटीनं वेस ओलांडली की अम्मीचा नकाब वर, तिकिटाचे सुटे पैसे मोजताना आणखी वर, आणि गाव आलं की कंडक्टरनं घंटी मारायच्या आत खाली. मी बारावीपर्यंत ओढणी घेतली. एम.ए., बी.एड.ला औरंगाबादला होते ती तीन वर्षं काहीच घेतलं नाही. दादी गेली तेव्हा तिचा तो पांढरा दुपट्टा माझ्याकडे आला, आणि मी पुन्हा डोकं झाकायला लागले. यात काही मोठा साक्षात्कार नव्हता. आता सुती स्टोल बांधते, मागे गाठ मारून, कारण पिन मला टोचते आणि फळ्यावर लिहिताना पुढची टोकं खडूनं माखतात. मे महिन्यात तोही कधी कधी पर्समध्ये असतो. यातल्या कोणत्या वर्षी मी खरी होते आणि कोणत्या वर्षी खोटी?

आता विरुद्ध बाजू. खालाचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. श्रद्धेला किंमत येते ती नियमानं. माळकरी म्हणू लागला की एकादशी सोयीनं धरीन, तर त्याच्या माळेला अर्थ काय? रोज हवं तसं बदलणारं कापड ही फॅशन, आणि फॅशनला धर्माचं नाव देणं म्हणजे जे मनापासून पाळतात त्यांची थट्टा, असं तिला वाटतं. बाजाराकडे बघितलं तर तिचं बरोबरही आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सिटी चौकात आज जॉर्जेटचा, क्रेपचा, जर्सीचा असे ढिगानं स्टोल मिळतात, आणि दुकानदाराला ईमानाशी देणंघेणं नसतं, हंगामाशी असतं.

पण नियम आणि तऱ्हा यांत फरक आहे, आणि तो पाहायला मराठवाड्याबाहेर जायला नको. नांदेडला चला. तिथल्या माझ्या एका शीख मैत्रिणीच्या घरी सकाळी दस्तार, म्हणजे पगडी, बांधायचा कार्यक्रम मी कितीदा तरी पाहिलाय. पाच-सहा मीटर रुबिया कापड; एक टोक भावाच्या हातात, दुसरं तिच्या; दोघं खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभे राहून ते ताणतात आणि घड्या घालत पूणी करतात. वडिलांची बांधणी गोल. भावाची पटियालाशाही, कपाळावर टोकदार. आणि हल्लाबोलाच्या मिरवणुकीच्या दिवशी तोच भाऊ निळा दुमाला चढवतो, ती पगडीची तिसरी तऱ्हा. नियम एक, तऱ्हा तीन, त्यासुद्धा एकाच उंबऱ्याच्या आत. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पगडीधारी शिखाला हेल्मेटमधून सूट देतं. बांधणी गोल की पटियाला, हे काही विचारत नाही. धर्मानं विचारू नये ते कायद्यानंही विचारलेलं नाही.

खाला म्हणेल, तो शीख एकही दिवस बोडका फिरत नाही, तुझी पोरगी फिरते. खरं आहे. मात्र शिखाला अमृत, म्हणजे दीक्षा, घ्यावी लागते. माळ घालून घ्यावी लागते. व्रत घेणाऱ्यानं ते स्वतः घेतलेलं असतं. आमच्या बहुतेक मुलींच्या डोक्यावर कापड येतं ते दहाव्या-अकराव्या वर्षी, आईच्या हातानं. त्याला वळण म्हणा, माया म्हणा, व्रत कसं म्हणणार? आणि ज्या सूरह नूरच्या ३१ व्या आयतीचा हवाला मला नेहमी दिला जातो, तिच्यात खिमार, म्हणजे डोक्यावरची ओढणी, छातीवर ओढून घेण्याबद्दल लिहिलंय. काळा रंग, हनुवटीखालची पिन, इनर कॅप यांचा तिथे पत्ता नाही. ते दर्जीनं, दुकानदारानं आणि शेजारणीनं घातलेलं आहे. शेजारणीनं घातलेलं पोरीनं बदललं, तर खुदाचं काय गेलं?

सहकाऱ्यांचा मुद्दा यापेक्षा अवघड आहे. ते म्हणतात, पिंजऱ्याला रोज नवा रंग दिला म्हणून तो पिंजरा असायचा राहत नाही. मुलगी ज्याला हौस म्हणते तिच्यामागे बाप, चुलते, मोहल्ला, निकाहाचा बाजार उभा असतो. तुम्ही निवड निवड म्हणून टाळ्या वाजवता आणि ती अडकत जाते. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत काढला तेव्हा त्यांच्याच समाजातून काय ऐकावं लागलं, हे मी विसरलेले नाही. दबाव खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. सात वर्षांच्या पोरीला अबाया घातलेली पाहिली की माझ्याही पोटात तुटतं.

फक्त दबाव ओळखायचा कसा? बाहेरून बघून? माझे सहकारी ओढणीच्या लांबीवरून ओळखायला जातात. मला एकच खूण भरवशाची वाटते: उद्या तिनं ते काढलं, सैल केलं, वेगळं बांधलं, तर घरात काय होतं? जेवण बंद होतं का? कॉलेज बंद होतं का? काही होत नसेल, तर ती घालते तेही तिचंच. आणि ही खूण उलटीकडूनही लावून बघावी. तीन वर्षं मी उघड्या डोक्यानं वावरले, त्या मैत्रिणींत परत ओढणी घेतली तेव्हा दोघींनी माझ्याशी बोलणं कमी केलं होतं. तोही दबावच. म्हणून ज्या मुलीचं कापड दर दोन दिवसांनी बदलतं, तिची मला सगळ्यांत कमी काळजी वाटते. जिचं वर्षानुवर्षं एक सूतही हलत नाही, तिच्याकडे सहकाऱ्यांनी बघावं, आणि तेही तिचा आब राखून. गंमत बघा: दलवाईंच्या मोर्चातल्या त्या बायकांनी मागितलं ते तलाक आणि बहुपत्नीत्व यांपासून संरक्षण. कापडाचा कायदा त्यांनी मागितला नव्हता.

कापडाचे कायदे केले त्यांचं काय झालं, हे इराणात दिसतं. ८ जानेवारी १९३६ ला रझा शाहनं फर्मान काढून चादर आणि हिजाब बंद केले. रस्त्यात पोलिसांनी बायकांच्या डोक्यावरचं कापड ओढून काढलं, आणि कित्येक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ नंतर नव्या राजवटीनं तेच कापड सक्तीचं केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये ते नीट घेतलं नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी कोठडीतून जिवंत परतली नाही. 'नीट घेतलं नाही' हे शब्द लक्षात ठेवा. आमच्या व्हरांड्यातही तेच ऐकलं होतं.

पुरुषांचं डोकंही यातून सुटलेलं नाही, आणि इथे मराठवाड्याची एक खास गोष्ट आहे. निजामी अमलात शेरवानी आणि रुमी टोपी ही कचेरीतल्या माणसाची ओळख. ती घालणाऱ्यांत हिंदूही असत. रूम म्हणजे तुर्कस्तान. तिथे १८२९ मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदनं जुन्या पगड्या उतरवून अंमलदारांना ही टोपी घालायला लावली. सुधारणा म्हणून, बरं का! जुन्या मंडळींनी धर्म बुडाला म्हणून ओरड केली. पुढे शंभर वर्षंही झाली नाहीत तोवर, १९२५ मध्ये, अतातुर्कनं तीच टोपी मागासलेपणाची निशाणी ठरवून बंद केली. तोवर ती धर्माची झालेली होती. तिच्यासाठी लोक फासावर गेले. रूममध्ये रुमी टोपी गुन्हा ठरली, तेव्हा औरंगाबादेत ती दिमाखात फिरत होती. माझ्या दादांची, म्हणजे आजोबांची, टोपी सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर पेटीत गेली. पुढे त्यांनी आयुष्यभर गांधी टोपी घातली, आणि ईदला तेवढी जाळीची. लाल लोकरीची ती टोपी अजून आमच्याकडे आहे, गोंडा गेलेला. एका माणसाच्या एका आयुष्यात तीन टोप्या. त्यांना कुणी धरसोडीचे म्हणालं नाही, कारण पुरुषानं टोपी बदलली की जमाना बदलला म्हणतात. बाईनं बदलली की तिचं मन थाऱ्यावर नाही.

माझ्या हिंदू वाचकांनी हा लेख दुसऱ्यांच्या घरचा म्हणून वाचू नये. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, डोक्याला भगवा फेटा बांधून बुलेटवर निघालेल्या बायका आता प्रत्येक शहरात दिसतात. फेटा हा पुरुषाच्या मानाचा. तो बाईच्या डोक्यावर चढेल असं माझ्या लहानपणी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. चढला. कुणी शास्त्राधार मागितला? वर्षातला एक दिवस फेटा आणि उरलेले दिवस मोकळे केस, म्हणून कुणी तिला ढोंगी म्हटलं? एप्रिलच्या उन्हात जालना रोडवर स्कूटीवरून जाणाऱ्या पोरी बघा: स्कार्फनं अख्खं तोंड गुंडाळलेलं, डोळे तेवढे दिसतात, हातात कोपरापर्यंत मोजे. सुरक्षेचा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नाही. आणि पुण्यात २०१८ मध्ये पुणेरी पगडी की फुले पगडी यावर केवढी चर्चा झाली, तेव्हा बहुतेकांनी गृहीतच धरलं की पगडी बदलणं हाही एक विचार असू शकतो.

गंगाखेड आमच्या जिल्ह्यातलं. जनाबाईचं गाव. डोईचा पदर खांद्यावर आला आणि आता भरल्या बाजारात जाईन, असं म्हणणारा तिचा अभंग मी शिकवते तेव्हा वर्गाला क्रियापद बघायला लावते. पदर 'आला' म्हणते ती, 'टाकला' म्हणत नाही. नाचता-गाता घसरला. तो पुन्हा वर घेईन की नाही, याचं वचन ती कुणालाच देत नाही, आणि लोक आपल्याला कोणत्या शब्दानं हिणवतील तो शब्दही स्वतःच उच्चारून मोकळी होते. मग तसबिरीवाल्यांनी जात्याशी बसलेल्या जनीच्या डोईवर पदर पुन्हा सारखा केला. तसबीर म्हटली की सगळं जागच्या जागी लागतं.

गणवेशाचा मुद्दा मला मान्य आहे, जेवढा आहे तेवढा. वर्गात मला चेहरा दिसला पाहिजे. तोंडावरच्या नकाबाशी मला मराठी शिकवता येत नाही. रंग एक ठेवा म्हणालात तर ठेवू, म्हणजे शिफॉनवाली आणि मलमलवाली असा भेद पडायचा नाही. परीक्षेचंही अवघड नाही. 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या सूचनांतच असतं की धार्मिक पेहरावातल्या उमेदवारांनी झडतीसाठी लवकर यावं. एक पडदा, एक बाई, अर्धा तास. लातूरला दरसाल हजारो मुलं ही परीक्षा देतात. तरी एका केंद्रावर माझ्या एका विद्यार्थिनीच्या पिना काढून दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या गेल्या, आणि ती तीन तास एका हातानं ओढणी धरून गोळे काळे करत बसली. नियमात तसं काही लिहिलेलं नव्हतं. डबा जवळ होता, एवढंच.

परवा मधल्या सुट्टीत ती अकरावीची मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. "मॅडम, तुमची ती मागची गाठ सुटत कशी नाही?" मी तिला बेसिनवरच्या आरशासमोर उभं केलं, तिचाच स्टोल घेतला, दोन्ही टोकं मागे नेऊन एकमेकांत पिळून दाखवली. तिनं करून पाहिलं. सुटली. पुन्हा केलं, पुन्हा सुटली. शिफॉन निसरडं असतं, सुती घ्यायला हवं होतं. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा ती हसायला लागली. "जाऊ द्या मॅडम, नै जमत." स्टोलची घडी करून तिनं दप्तरात टाकली आणि तशीच पुढच्या तासाला गेली. तास त्या सहकाऱ्यांचाच होता.